हद्द ओलांडली, दाखला मागेच राहिला

परदेशात कायम वास्तव्याची परवानगी मिळालेला मराठी माणूस प्रथम त्या देशात उतरतो, तेव्हा त्याची सारी कायदेशीर ओळख हातातल्या एका पाकिटात मावलेली असते. अमेरिकेला जाणाऱ्याच्या पारपत्रावर स्थलांतरितांचा व्हिसा चिकटवलेला असतो. विमानतळावरील अधिकाऱ्याने त्यावर शिक्का मारला की ग्रीन कार्ड टपालाने घरी येईपर्यंत तेच पान वर्षभर कायम रहिवासाचा पुरावा म्हणून चालते. कॅनडाच्या कायम रहिवाशाचे कार्ड परदेशात असताना हाती नसेल, तर परतीच्या प्रवासासाठी त्या देशाची वकिलात वेगळा दस्तऐवज देते. या देशांचे नियम कडक आहेत, खर्चिक आहेत आणि अलीकडच्या काळात अधिकच जाचक झाले आहेत. तथापि कोणता कागद, कोणी, कोठे आणि केव्हा द्यायचा हे तेथे ठरलेले असते. ज्या देशात जायचे तो देशच निघण्यापूर्वी कागद हाती ठेवतो.

नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यातून गुजरातेत जाणाऱ्या आदिवासीला यातले काहीच लागत नाही. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र संचार करण्याचा आणि कोठेही स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. अक्कलकुव्याहून सागबाऱ्याला जाताना कोणी पारपत्र विचारत नाही. अडचण सुरू होते ती पोहोचल्यानंतर. माणूस हद्दीपलीकडे जातो. त्याची जमात, त्याचा रहिवास, त्याच्या जमिनीवरील वहिवाट यांचे दाखले मात्र बहुतांशी अलीकडेच राहतात. नव्या राज्यात तो नागरिक असतो, पण तेथल्या दफ्तराच्या लेखी तो कोण, हे त्याचे त्यालाच सिद्ध करावे लागते.

या भागात ही हद्द किती अलीकडची आहे, हे काठी या गावाकडे पाहिले की कळते. अक्कलकुवा तालुक्यात मोलगीच्या परिसरात वसलेले काठी राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध आहे. ब्रिटिश अमदानीत खानदेशच्या पश्चिम टोकाला जी सहा मेवासी संस्थाने गणली जात, त्यांत काठीचे नाव अग्रक्रमाने येई. आजही होळीच्या रात्री उंच बांबूचा दांडा उभारून पहाटे होळी पेटवली जाते आणि तिच्यासाठी महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांतील आदिवासी गोळा होतात. कमरेला घुंगरू बांधून, अंगावर राखेचे पट्टे ओढून आलेल्या बाव्यांना आपण कोणत्या राज्यातून आलो याचे सोयरसुतक नसते. सोयरिकी हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत, कुळे दोन्ही बाजूंना आहेत. १ मे १९६० पर्यंत हा सारा मुलूख एकाच मुंबई राज्यात होता. त्या दिवशी पश्चिम खानदेशचा बहुतेक भाग महाराष्ट्रात राहिला, सागबारा-डेडियापाडा गुजरातेत गेले. महाराष्ट्राच्या बाजूचा भाग पुढे धुळे जिल्ह्याचा आणि १ जुलै १९९८ पासून नव्या नंदुरबार जिल्ह्याचा झाला. म्हणजे एकाच पाड्यावर आयुष्य काढलेल्या वृद्धाच्या कागदांवरही तीन जिल्ह्यांची नावे आढळू शकतात, आणि छाननीच्या टेबलावर ही विसंगती त्याच्याच खात्यावर मांडली जाते.

हद्द ओलांडून कायमचे स्थायिक होण्याचा प्रश्न या तालुक्यात मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो सरदार सरोवरामुळे. काठी हे गाव बुडीत क्षेत्रात नव्हते. परंतु त्याच तालुक्यातील नर्मदेकाठची मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, बामणी, डनेल ही गावे होती. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील मिळून महाराष्ट्राची ३३ गावे धरणाने बाधित ठरली. नर्मदा पाणी तंटा लवादाचा अंतिम निवाडा १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्याने विस्थापितांना गुजरातेत किंवा स्वतःच्या राज्यात पुनर्वसन निवडण्याचा अधिकार दिला आणि २५ टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन देण्याचे बंधन घातले. आपल्या देशात एका राज्यातील शेतकऱ्याला दुसऱ्या राज्यात कायमचा रहिवासी म्हणून वसवण्याचा इतका तपशीलवार करार क्वचितच झाला असेल.

या करारात विस्थापित कोणाला म्हणायचे याची व्याख्याही होती. भूसंपादन कायद्याच्या चौथ्या कलमाखालील अधिसूचना निघण्यापूर्वी किमान एक वर्ष जो बुडीत क्षेत्रात सामान्यतः राहत होता, जमीन कसत होता किंवा व्यवसाय करत होता, तो विस्थापित. व्याख्या उदार होती. मेख पुराव्यात होती. सातपुड्यातील कित्येक पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कसली जाणारी जमीन दफ्तरी वनजमीन होती आणि कसणारा अतिक्रमणदार. ज्याचा सातबारा नाही त्याचे घर पाण्याखाली गेले तरी त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हा प्रश्न अखेरपर्यंत धुमसत राहिला. त्यातूनच ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ असे दोन शब्द खोऱ्यातल्या रोजच्या बोलण्यात रुळले. पाणी दोघांच्याही दारात सारखेच आले. यादीत नाव असलेला घोषित, नसलेला अघोषित. लवादाने सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले, सज्ञान मुलीला मानले नाही, हेही या याद्यांत तसेच उतरले. आदिवासी समाजात शेतीचा निम्म्याहून अधिक भार स्त्रिया उचलतात, याचा विचार निवाडा लिहिणाऱ्यांनी केल्याचे दिसत नाही.

गुजरात सरकारने १९८७ च्या अखेरीस आपले धोरण विस्तारले आणि सज्ञान मुलगे, भूमिहीन व अतिक्रमणदार यांनाही दोन हेक्टर जमीन देऊ केली. महाराष्ट्राची तरतूद त्यामानाने तोकडी होती. साहजिकच नदीकाठच्या काही कुटुंबांनी गुजरातची वाट धरली. उरलेल्यांनी डोंगर सोडण्यास नकार दिला किंवा तळोदा तालुक्यात वनजमिनीवर वसवलेल्या वसाहती स्वीकारल्या. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ साली पुनर्वसनाच्या पूर्वतयारीवर कठोर ठपका ठेवला आणि १९९३ मध्ये बँकेचे कर्ज थांबले. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरणाची उंची टप्प्याटप्प्याने, पुनर्वसनाच्या बरोबरीने वाढवण्यास मुभा दिली. १३८.६८ मीटरची पूर्ण पातळी धरणाने प्रथम सप्टेंबर २०१९ मध्ये गाठली. हा इतिहास सर्वज्ञात आहे. त्यातील जमिनीच्या प्रश्नावर भरपूर लिहिले गेले, आंदोलने झाली, न्यायालयीन लढे झाले. गुजरातेत गेलेल्या कुटुंबांच्या दाखल्यांचे पुढे काय होणार, याकडे मात्र त्या मानाने फारच थोड्यांचे लक्ष गेले.

अनुसूचित जमातींच्या याद्या घटनेच्या ३४२ व्या अनुच्छेदाखाली राज्यनिहाय निघतात, आणि जमात ‘त्या राज्याच्या संबंधात’ अनुसूचित मानली जाते. या शब्दांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात लावला. आंध्र प्रदेशातून मुंबईत आलेल्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशासाठी मूळ राज्यातील जमातीचा लाभ मिळणार नाही, असे घटनापीठाने सांगितले. नव्या राज्याच्या यादीत त्याच नावाची जमात असली तरी फरक पडत नाही, कारण मागासलेपण हे त्या त्या राज्यातील परिस्थितीच्या संदर्भात मोजलेले असते, असा त्यामागील युक्तिवाद होता. २०१८ साली बीरसिंग खटल्यात दुसऱ्या घटनापीठाने हीच भूमिका कायम केली. केंद्राच्या परिपत्रकांनी एवढी सोय ठेवली आहे की, वडिलांच्या मूळ राज्यातील अस्सल दाखल्याच्या आधारे नव्या राज्यातील अधिकारी मुलाला जमातीचा दाखला देऊ शकतो. परंतु त्या दाखल्यावर केंद्राच्या आणि मूळ राज्याच्या सवलती मिळतात, राहत्या राज्याच्या नाहीत.

हैदराबादेहून मुंबईस शिकायला येणाऱ्यासाठी हा तर्क पटण्यासारखा असेल. नर्मदेच्या खोऱ्यात तो विचित्र ठरतो. महाराष्ट्राच्या यादीत भिल्ल जमातीची नोंद पाहावी: भिल्ल, भिल्ल गरासिया, ढोली भिल्ल, डुंगरी भिल्ल, मेवासी भिल्ल, रावळ भिल्ल, तडवी भिल्ल, भागलिया, भिलाला, पावरा, वसावा, वसावे. गुजरातच्या यादीतील नोंद जवळजवळ शब्दशः हीच आहे. तशी ती असणारच, कारण दोन्ही याद्या एकाच जुन्या मुंबई राज्याच्या यादीतून फुटल्या आहेत. मेवासी भिल्लही दोन्ही याद्यांत आहेत. मागासलेपण मोजायचे झाले तर ते हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच डोंगराचे, एकाच नदीचे आणि एकाच जंगल कायद्याचे आहे. शिवाय मुंबईला आलेला विद्यार्थी स्वेच्छेने आला होता. मणिबेलीचे कुटुंब शासनाच्या प्रकल्पामुळे, शासनाने केलेल्या करारानुसार गेले. स्वेच्छेचे स्थलांतर आणि सक्तीचे विस्थापन यांना एकच मोजपट्टी लावणे न्याय्य नाही. याचा निवाडा न्यायालयाने नव्हे, संसदेने किंवा संबंधित सरकारांनी स्पष्ट तरतूद करून द्यायला हवा होता. लवादाच्या निवाड्यात जमीन, घराची जागा, शाळा, विहीर यांचा हिशेब आहे. जमातीच्या दर्जाचे काय, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या ध्यानातही आला नसावा.

अलीकडे राहिलेल्यांची स्थितीही फार सुखाची नाही. महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्रांविषयीचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तारखेला कुटुंबाचा सामान्य निवास राज्यात होता, हे दाखवावे लागते. त्यानंतर वैधतेसाठी तपासणी समितीपुढे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या किंवा महसुली नोंदी ठेवाव्या लागतात. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. २०११ मध्ये ही अवस्था, तर १९५० पूर्वी मोलगीच्या डोंगरात किती जणांनी शाळेचे तोंड पाहिले असेल? अर्थात बनावट दाखल्यांचा प्रश्न खरा आहे. खऱ्या आदिवासींच्या जागा इतरांनी बळकावल्याची प्रकरणे महाराष्ट्रात मोठ्या संख्येने उघडकीस आली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण देता येणार नाही, असे ठामपणे सांगितले. तेव्हा छाननी हवीच. परंतु तोतयाला अडवण्यासाठी उभारलेली चाळण दफ्तरात कधी नोंदच न झालेल्या खऱ्या माणसालाही अडवते, ही तिची दुसरी बाजू आहे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालीरीती आणि बोलीवरून घेतली जाणारी आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, असा निर्वाळा दिला. तरीही १९५० चा उंबरठा कायम आहेच.

रहिवासाच्या दाखल्याची कथा याहून वेगळी नाही. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रासाठी साधारणतः १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. वस्तुतः भारतात राज्याचा वेगळा अधिवास अशी गोष्टच नाही. प्रत्येक भारतीयाचा अधिवास एकच, भारताचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात म्हटले होते. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील निवासाधारित राखीव जागा घटनाबाह्य ठरवताना २९ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने त्याचा पुनरुच्चार केला. तत्त्व निःसंदिग्ध आहे, पण तहसील कचेरीच्या खिडकीवर ते पोहोचलेले नाही. तेथे तलाठ्याचा रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड आणि वडिलांचे कागद हीच भाषा चालते. त्यात नंदुरबारच्या दफ्तरात ‘वसावे’ लिहिले जाणारे आडनाव हद्दीपलीकडे ‘वसावा’ होते. एक अक्षर बदलले की बाप आणि मुलगा दोन वेगळ्या कुळांचे ठरण्याची भीती असते, आणि ते एकच आहेत हे सांगणारे प्रतिज्ञापत्र करायला पुन्हा वेगळा दिवस, वेगळी मजुरी बुडवावी लागते.

जंगलजमिनीच्या बाबतीत मात्र कायद्याने एकदा मोठे मन दाखवले आहे, आणि त्याचा उल्लेख सविस्तर करायला हवा. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्या आदिवासीचा हक्क मान्य केला. त्याच्या नियमावलीतील तेरावा नियम वाचण्यासारखा आहे. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या तर त्यात आहेतच. पण घर, बांध, समतल केलेली जमीन, विहीर, स्मशान, देवस्थान हेही पुरावे आहेत. गावातल्या वृद्धांचा लेखी जबाब चालतो. वंशावळ चालते. पूर्वीच्या संस्थानांचे नकाशे व हक्कनोंदी चालतात, म्हणजे काठीच्या संस्थानी कागदालाही येथे किंमत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कोणत्याही समितीने एखाद्या विशिष्ट कागदाचाच आग्रह धरू नये, असे बजावले. ज्या समाजाचा इतिहास लिहिलेला नाही, त्याच्याकडे पुरावा कोणत्या रूपात असतो, हे ओळखून केलेला नियम आपल्याकडे विरळाच.

अंमलबजावणीत हे मोठेपण टिकले नाही. ग्रामसभेने मान्य केलेले दावे वरच्या समित्यांनी अपुऱ्या पुराव्याच्या नावाखाली फेटाळल्याच्या तक्रारी राज्यभरातून झाल्या. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या हजारो शेतकऱ्यांच्या मागण्यांत वनदाव्यांचा निपटारा ही प्रमुख मागणी होती. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश दिला आणि पंधरा दिवसांच्या आत, २८ फेब्रुवारीला, त्याला स्थगिती दिली. या कायद्याच्या चौथ्या कलमात एक छोटी अट आहे, तीही येथे महत्त्वाची. आदिवासी म्हणून हक्क मिळतो तो ‘ज्या राज्यांत किंवा भागांत त्यांना अनुसूचित जमाती म्हणून घोषित केले आहे’ तेथेच. इतर पारंपरिक वननिवासी ठरणाऱ्याला तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. लग्नसंबंधाने किंवा पोटासाठी हद्दीपलीकडच्या जंगलात स्थिरावलेल्या कुटुंबाच्या बाबतीत ही अट लावायची कशी? काटेकोरपणे वाचली तर तेच कुटुंब अलीकडे आदिवासी आणि पलीकडे केवळ ‘इतर’ ठरू शकते.

देशातील पहिले आधार कार्ड ज्या जिल्ह्यात दिले गेले तो हाच नंदुरबार. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत योजनेचा प्रारंभ झाला. कागद नसलेल्या माणसाला ओळख मिळेल आणि ती देशात कोठेही चालेल, असे तेव्हा सांगितले गेले. ओळख मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु २०१६ मध्ये आधारचा कायदा झाला, तेव्हा नवव्या कलमात स्पष्ट लिहिले गेले की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे. हा क्रमांक ‘रहिवाशा’ला मिळतो, म्हणजे मागील १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्याला, पण तो रहिवासाचा दाखला होऊ शकत नाही. आधारमुळे रेशनचे धान्य मात्र हद्द ओलांडू लागले. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र-तेलंगणाबरोबर सुरुवातीलाच जोडली गेलेली जोडी महाराष्ट्र आणि गुजरातची होती. धान्याचा हक्क राज्याबाहेर नेता येतो, हे यातून सिद्ध झाले. जे तांदूळ-गव्हाला जमले ते जमातीच्या दाखल्याला का जमू नये, हा प्रश्न धोरणकर्त्यांना विचारायला हवा.

धान्याची ही सोय सर्वाधिक उपयोगी आहे ती हंगामी मजुरांना. दिवाळी झाली की सातपुड्यातील टोळ्या मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. कोणी सौराष्ट्रात शेतमजुरीला जाते. ही माणसे होळीला गावी येतात आणि पुन्हा परततात. यांच्यासाठी १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कंत्राटदाराने छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे, अशी तरतूद होती. मजुराचे नाव, कामाचे ठिकाण, मजुरीचा दर, दिलेली उचल यांची नोंद असलेले हे पासबुक म्हणजे देशांतर्गत स्थलांतरासाठीचा प्रवास-दस्तऐवजच म्हणायला हवा. कायदा चार दशके पुस्तकात राहिला, पण उसाच्या फडात पासबुक दिसणे दुर्मीळच. त्याची उणीव एप्रिल-मे २०२० मध्ये जाणवली. टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांना घरी जाऊ देण्याचा आदेश केंद्राने २९ एप्रिलला काढला. त्यासाठी दोन्ही राज्यांची संमती, याद्या आणि तपासणी यांची अट होती. एरवी जी हद्द कोणाला दिसत नाही, ती त्या दिवसांत एकदम आंतरराष्ट्रीय सीमेसारखी कठोर झाली, आणि कोण कोठला मजूर याची विश्वसनीय यादी ना पाठवणाऱ्या राज्याकडे होती ना घेणाऱ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या श्रम संहितेत विलीन झाला आहे. संहितेने स्वतःहून आलेल्या मजुरालाही आंतरराज्य स्थलांतरित मानले, प्रवासखर्चाची आणि सर्व कामगारांसाठी नियुक्तिपत्राची तरतूद केली. मुकादमाच्या वहीवर चालणाऱ्या धंद्यात नियुक्तिपत्र कोण देणार, याचे उत्तर येणाऱ्या हंगामांत मिळेल.

याच फडात जन्मलेल्या मुलांपुढे आणखी एक पेच आहे. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथे होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच चालणार आहे. बारडोलीच्या परिसरात उसाच्या पाचटाच्या झोपडीत जन्मलेल्या मुलाची नोंद झालीच, तर ती गुजराती लिपीत, गुजरातच्या ग्रामपंचायतीत होणार. न झाल्यास मोलगीच्या शाळेत त्याचे नाव घालताना पहिलाच कागद अपुरा.

मतदारयाद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीने हा सारा विषय पुन्हा ऐरणीवर आणला आहे. बिहारनंतर दुसऱ्या टप्प्यात ४ नोव्हेंबर २०२५ पासून गुजरात आणि मध्य प्रदेशासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत ती सुरू झाली. मतदाराचे किंवा त्याच्या आई-वडिलांचे नाव मागील फेरतपासणीच्या, म्हणजे दोन दशकांपूर्वीच्या यादीत शोधणे हा तिचा पाया. गुजरातेत वसलेल्या महाराष्ट्रातील कुटुंबाला तो दुवा कदाचित अक्राणी-अक्कलकुव्याच्या जुन्या यादीत शोधावा लागेल. आयोगाने अन्य राज्याच्या यादीतील नोंदही ग्राह्य धरली, ही जमेची बाजू. नाव न सापडल्यास मागितल्या जाणाऱ्या कागदांत कायम रहिवासाचा दाखला आहे, जातीचा दाखला आहे आणि वनहक्काचा पट्टाही आहे; आधार घेतला जातो, पण केवळ ओळखीपुरता. म्हणजे ज्याचा वनदावा प्रलंबित, ज्याचा जमातीचा दाखला दुसऱ्या राज्याचा, ज्याचे आडनाव दोन प्रकारे लिहिलेले, त्याच्या अडचणी येथे एकावर एक साचतात. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे विसावे कलम सांगते की, तात्पुरत्या गैरहजेरीने कोणाचा सामान्य निवास संपत नाही. फेरतपासणीचा अधिकारी दारावर आला तेव्हा घराला कुलूप होते आणि माणसे ऊसतोडीला गेली होती, एवढ्यावरून नाव वगळता येणार नाही, असा या कलमाचा सरळ अर्थ आहे. नोव्हेंबर-डिसेंबर हे महिने ऊसतोडीच्या ऐन हंगामाचे असतात, हे वेळापत्रक ठरवणाऱ्यांना ठाऊक नसावे असे मानणे कठीण आहे.

यावर करण्यासारखे जे आहे ते फार खर्चिकही नाही. सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या याद्या दोन्ही राज्यांकडे आहेत. त्यांच्या आधारे गुजरातेत वसलेल्या कुटुंबांना आणि त्यांच्या वारसांना, मुलींसह, नंदुरबारचे जिल्हाधिकारी एक एकत्रित प्रमाणपत्र देऊ शकतात: मूळ गाव, १९५० पूर्वीचा निवास, जमात, आडनावाची दोन्ही रूपे, विस्थापनाचे वर्ष. गुजरात सरकारने ते जमातीच्या दर्जासाठी ग्राह्य धरावे, यासाठी मात्र केंद्राला पुढाकार घ्यावा लागेल, कारण ३४२ व्या अनुच्छेदातील यादीत बदल करण्याचा अधिकार संसदेचा आहे. दोन्ही राज्यांच्या यादीत असलेल्या जमातींच्या, प्रकल्पामुळे हद्द ओलांडलेल्या कुटुंबांपुरती ही तरतूद मर्यादित ठेवली, तर बनावट दाखल्यांचे दार उघडण्याचे भयही राहत नाही. अघोषितांसाठी वनहक्क नियमावलीतला तेरावा नियम आदर्श म्हणून घेता येईल, कारण मणिबेलीत कोणाचे घर कोठे होते हे सांगणारे वृद्ध अजून हयात आहेत. त्यांचे जबाब नोंदवून घेण्यास फार वर्षे उरलेली नाहीत.